पाठ टेकायला जागा हवी : सोलापूर महापालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, तसेच सर्व नगरसेवक आणि नगरसेविका,
सोलापूर महानगरपालिका.

सप्रेम नमस्कार.

हे पत्र शहरातल्या निवाऱ्यांबद्दल आहे. ज्यांना रात्री पाठ टेकायला जागा नाही त्यांना आपण काय देतो, कुठल्या अटीवर देतो आणि त्यांना काय म्हणतो, हे तिन्ही मला एकत्रच मांडायचं आहे. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाकडे माझं लक्ष आधी जातं. माणसाला आपण काय म्हणतो त्यावर बाकीचं बरंचसं ठरतं, असं मला मनापासून वाटतं.

सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, करमाळा, मोहोळ आणि सोलापूरच्या उत्तर-दक्षिण तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्यात गेली. लांबोटीजवळ पुण्याचा महामार्गसुद्धा बंद ठेवावा लागला. माणसं शाळांत, देवळांत, मिळेल त्या पक्क्या इमारतीत येऊन राहिली. त्या दिवसांत बातम्यांत एकच वाक्य फिरत होतं, ‘नागरिकांचे सुरक्षित स्थळी स्थलांतर’. वाक्य चुकीचं नव्हतं. पण स्थलांतर तर उजनीच्या पाण्यावर दरवर्षी येणारे रोहित पक्षीही करतात. रात्रीतून घर सोडून आलेल्या माणसाला जे मिळालं, किंवा मिळालं नाही, ते या शब्दात कुठेच नाही.

जिल्ह्यातल्या एका शाळेत आम्ही काही निवृत्त शिक्षक मदतीला गेलो होतो. एका वर्गात फळ्याखाली एका बाईंनी आपली जागा केली होती. दोन चादरी, पाण्याची कळशी, शेजारी रद्दी पेपर पसरून त्यावर वाळत घातलेली ओली ज्वारी. थोड्या थोड्या वेळाने त्या ज्वारीत हात फिरवायच्या, मूठभर नाकाशी धरायच्या आणि परत पसरायच्या. ज्वारी वाचणार नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. मी विचारलं, इथे बरं आहे ना? त्या म्हणाल्या, “शाळेनं आसरा दिला बाई. हितं कुणी जा म्हनत न्हाई, तेवढं बास.”

आसरा म्हणजे काय, हे मी पोरांना किती वेळा शिकवलं असेल! त्या बाईंनी सांगितला त्याहून नेमका अर्थ मला कधी सांगता आला नव्हता. जिथे कुणी ‘जा’ म्हणत नाही ती जागा.

आपल्या भाषेत या एका गोष्टीला किती शब्द आहेत पाहा. निवारा म्हणजे ऊन, वारा, पाऊस यांचं निवारण. तो पत्र्याचाही चालतो, झाडाचाही चालतो, त्याला माणूस लागत नाही. आसरा द्यायला मात्र समोर कुणीतरी असावं लागतं. आश्रय हा जरा दरबारी शब्द, राजाश्रय वगैरे, त्यात देणारा उंचावर बसलेला असतो. आणि थारा. थारा हा शब्द आता बहुतेक नकारासाठीच उरलाय, ‘कुणी थारा दिला नाही’ एवढ्यापुरता. पण मन जागेवर नसलं की आपण म्हणतो, मन थाऱ्यावर नाही. ज्याला अंगणात थारा नाही त्याचं चित्तही थाऱ्यावर राहत नाही, हे भाषेला फार आधीपासून ठाऊक आहे. रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला ‘भ्रमिष्ट आहे’ म्हणून आपण पुढे जातो तेव्हा काय आधी झालं आणि काय नंतर, याचा विचार करत नाही.

सोलापुरात याच कुळातला आणखी एक शब्द रोज बोलला जातो. देशात इतरत्र ‘शरणार्थी’ म्हटलं की डोळ्यांपुढे छावणी येते, सीमा येते, रांगेत उभी असलेली माणसं येतात. आपल्या शहरात लिंगायत घरांत दोन माणसं भेटली की म्हणतात, ‘शरणु शरणार्थी’. हा नमस्कार आहे. लहान मोठ्याला करतो आणि मोठाही लहानाला करतो. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर या शहराचे ग्रामदैवत, ते शिवशरण. बसवेश्वरांचं काही काळ वास्तव्य ज्या मंगळवेढ्यात होतं ते आपल्याच जिल्ह्यात. त्या परंपरेत शरण होणं म्हणजे कुणापुढे लाचार होणं नव्हे. मी तुला शरण, तूही मला शरण, दोघेही शिवाला शरण. मागणारा आणि देणारा ही उतरंडच तिथे मोडलेली आहे. जगातल्या अनेक शहरांना ‘शरणार्थी’ या शब्दाची भीती वाटते. ज्या शहरात तो शब्द हात जोडून, हसून उच्चारला जातो, त्या शहराच्या महापालिकेला मी हे पत्र लिहिते आहे, म्हणून माझी अपेक्षा जास्त आहे.

कायद्याचा अर्थ याहून फार अरुंद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९५१च्या करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी रास्त भीती असलेला आणि आपल्या देशाबाहेर पडलेला माणूस म्हणजे शरणार्थी. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, १९६७च्या पूरक करारावरही नाही. तरी दाराशी आलेल्यांना या देशाने वेळोवेळी आत घेतलं. करार व्हायच्याही आधी, १९४३पासून पुढची काही वर्षं, कोल्हापूरजवळ वळिवडे इथे हजारो पोलिश बायका-मुलं राहिली. आपल्यापासून ते लांब नाही. पण त्या व्याख्येत बसत नाही असा फार मोठा वर्ग आहे. दुष्काळाने गाव सोडलेला, धरणात घर गेलेला, पुरात शेत वाहून गेलेला माणूस देशाची सीमा ओलांडत नाही. त्याला आपण विस्थापित म्हणतो, नाहीतर कशाने तरी ‘ग्रस्त’ ठरवतो : दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त, भूकंपग्रस्त, पूरग्रस्त. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ज्याने गिळलं त्याचं नाव पुढे लावायचं, माणसाचं नाव नाहीच.

आणि सोलापूर तर अशाच माणसांनी उभं केलं आहे. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. १८७६ ते ७८चा मोठा दुष्काळ या जिल्ह्याने भोगला. त्याच काळात, आज जिला ‘जुनी मिल’ म्हणतात ती कापडगिरणी उभी राहत होती. पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर माग घेऊन आले, कर्नाटकातून माणसं आली, मराठवाड्यातून आली, कोरडवाहू तालुक्यांतून आली. चादर सोलापूरची म्हणून जगभर गेली, पण विणणाऱ्यांच्या घरात तेलुगू बोलली जात होती, आजही बोलली जाते.

आम्हीही त्यातलेच. १९७२च्या दुष्काळात माझे वडील सांगोल्याकडून आम्हाला घेऊन या शहरात आले. गिरणीत काम लागेपर्यंत पूर्व भागातल्या एका विणकराच्या घरी आम्ही झोपायचो. खाली खड्ड्याचा हातमाग, त्याच्या बाजूला भिंतीलगत चटई. घरातली बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची. तिला मराठी येत नव्हतं, आईला तेलुगू येत नव्हतं. पहिल्या रात्री आम्ही दारात उभे होतो तेव्हा ती सूप बाजूला न ठेवताच म्हणाली, “रा, कूसो.” ये, बस. जात विचारली नाही, किती दिवस राहणार विचारलं नाही. तिच्या हातात पान आणि दोरा तसाच होता. पुढे आम्हाला खोली मिळाली आणि आम्ही गेलो तेव्हाही तिने अडवलं नाही. जाताना आईला घागर दिली.

मला वाटतं आसऱ्याची कसोटी या दोन्ही टोकांना लागते, येताना आणि जाताना. आत घेताना अडवणार नाही आणि बाहेर पडताना कोंडणार नाही, तोच आसरा. यातलं एक जरी गेलं तरी मागे राहतं ते वेगळंच काही असतं, त्याच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

हे सोलापूरकरांना कुणी वेगळं सांगायची गरज नाही, कारण याच शहरात ‘सेटलमेंट’ आहे. आजची पोरं रिक्षावाल्याला सहज सांगतात, सेटलमेंटला सोडा. वस्तीचं नावच झालंय ते. शब्दाचा अर्थ काय, तर वसवणं, स्थिरस्थावर करणं. आणि प्रत्यक्षात काय होतं? १८७१पासून टप्प्याटप्प्याने लागू होत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी, टकारी, भामटा अशा कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं गेलं. त्यांना तारेच्या कुंपणात आणून वसवलं, वेळोवेळी हजेरी लावली, बाहेर पडायला परवानगी लागे. त्यांचे हात गिरण्यांना हवे होते. छप्पर होतं, काम होतं, मुलांना शाळासुद्धा होती. फक्त जाता येत नव्हतं. देश स्वतंत्र झाल्यावरही ते कुंपण लगेच गेलं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला आणि या जमाती विमुक्त झाल्या. ‘विमुक्त’ या शब्दाचं वजन सेटलमेंटमधल्या म्हाताऱ्या माणसाकडून ऐकावं. माझ्या वर्गात तिथली मुलं असायची. आजोबांची हजेरी हा त्यांच्या घरातला ऐकीव इतिहास होता आणि मुलं तो सांगताना आवाज बारीक करायची.

कुंपण गेलं, पण ती समजूत पूर्ण गेलेली नाही. आपल्या राज्यात १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे. भीक मागताना सापडलेल्या माणसाला त्याखाली पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. तिथेही छप्पर असतं, जेवण असतं. दिल्लीत तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्याची भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, आपल्याकडे ती आहेत. निवारा केंद्राची गाडी रस्त्यावर झोपलेल्या माणसाजवळ थांबते तेव्हा तो पोतं उचलून पळत सुटतो, आणि आपण म्हणतो, मदत नको आहे यांना. त्याला मदत नको असते असं नाही. ही गाडी कुठली, निवाऱ्याची की भिक्षेकरी गृहाची, हे त्याला अंधारात कळत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे येते, म्हणजे आत घेण्याकडे. एका निवारा केंद्राच्या दारात मी स्वतः पाहिलेलं सांगते. ते कुठलं, हे लिहीत नाही, कारण मला तिथल्या माणसाची नोकरी घालवायची नाही. नवरा-बायको आणि नऊ-दहा वर्षांचा मुलगा आले होते, रात्र बरीच झाली होती. दारातल्या माणसाने ओळखपत्र मागितलं. पुरात गेलं, असं ते म्हणाले. मग तो म्हणाला, पुरुष इकडे, बाई तिकडे, आणि मुलगा मोठा आहे म्हणजे पुरुषांत. तो माणूस वाईट नव्हता. त्याला जे नियम दिले होते ते तो वाचून दाखवत होता. ते तिघं एकमेकांकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि परत फिरले. त्या रात्री केंद्रात कॉट रिकाम्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या नोंदवहीत त्या रिकाम्या कॉटा ‘मागणी नाही’ म्हणून गेल्या असणार.

म्हणून माझी पहिली विनंती आहे ती दाराबद्दल. रात्री आलेल्याला आधी आत घ्या, पाणी द्या, झोपू द्या. नाव-गाव सकाळी विचारा, तेही सांगावंसं वाटलं तर. कागद नसेल तर कागद मिळवून द्यायला मदत करणं हे केंद्राचं काम असावं, कागद नाही म्हणून परत पाठवणं नव्हे. आणि कुटुंबाला कुटुंब म्हणून राहता येईल अशा दोन-चार खोल्या तरी प्रत्येक ठिकाणी असू द्या. ज्यांचं घर गेलं त्यांच्याकडे एकमेकांची सोबत तेवढी उरलेली असते, ती दारात काढून घेऊ नका.

यात नवं काही नाही. आपल्याच पंढरपुरात १८७५ साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अनाथ बालकाश्रम सुरू केला. विधवा बायका गुपचूप पंढरीत येत, बाळंत होत आणि मूल टाकून जात. त्याच्याही आधी, १८६३ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथे येणाऱ्या बाईचं नाव गुप्त राहील, हे त्यांनी उघड जाहीर केलं होतं. नाव न विचारता दार उघडायचं, हे दीडशे वर्षांपूर्वी आपल्या लोकांना सुचलं होतं. तेव्हा समाज आजच्याहून कितीतरी कडक होता, आणि हाताशी ना अनुदान होतं ना योजना.

दुसरी गोष्ट संख्येची आणि जागेची. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनी निकष घालून दिला होता : दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय, ५० ते १०० जणांचा एकेक कायमचा निवारा, बाराही महिने, दिवसरात्र उघडा. २०११च्या जनगणनेतच सोलापूर शहर साडेनऊ लाखांवर होतं. म्हणजे शंभर-शंभर माणसांचे धरले तरी दहा निवारे हा हिशेब कुणालाही बोटांवर करता येतो. शहरात आज किती चालू आहेत, कुठे आहेत, काल रात्री किती माणसं झोपली, ही यादी महापालिकेने दर महिन्याला जाहीर करावी, वॉर्डाच्या कार्यालयाबाहेर लावावी. आणि जागा निवडताना माणूस जिथे झोपतो तिथे जवळ निवडावी. रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, मार्केट यार्ड, सिव्हिल हॉस्पिटल. जिल्ह्यातून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून पेशंट सिव्हिलला येतो, तेव्हा त्याच्यासोबतची माणसं बाहेर उघड्यावर रात्र काढतात. त्यांना आपण बेघर म्हणत नाही, त्यांची गावाकडे घरं असतात. त्या रात्रीपुरतं तरी त्यांना घर नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा जखमींना घेऊन गाड्या याच शहराकडे धावत होत्या, आणि सोलापूरकरांनी जेवण, रक्त, अंथरूण, जे हाताशी होतं ते दिलं. तेव्हा आपल्याला कुणी निकष सांगितला नव्हता.

‘दिवसरात्र उघडा’ यातल्या दिवसावर माझा विशेष भर आहे. हा निकष वाचणारे बहुतेक लोक दिल्लीची थंडी डोळ्यांपुढे ठेवतात. सोलापुरात माणूस थंडीने नाही, उन्हाने मरतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४च्या घरात गेला की दुपारी बारा ते पाच रस्त्यावर सावली हेच औषध असतं. रात्रीचा निवारा सकाळी सातला रिकामा करून कुलूप लावला, तर त्याच माणसांना आपण नेमक्या त्या वेळी बाहेर काढतो जेव्हा त्यांना आत असायला हवं. उन्हाळ्यात दुपारी निवारे उघडे हवेत, माठात पाणी हवं, पंखे चालू हवेत. वीटभट्टीवरचा मजूर, हमाल, फेरीवाला यांनीही दोन तास येऊन पडावं, कुणी ‘तू बेघर आहेस का’ विचारू नये.

पाटीबद्दलही सांगायचं आहे. ‘शहरी बेघर निवारा केंद्र’ अशी पाटी असते. ज्याच्यासाठी ती लावली आहे त्यालाच ती हिणवते. बाई मुलाला घेऊन त्या पाटीखालून आत शिरते तेव्हा मुलगा ती वाचतो, कारण तो शाळेत जातो. एवढे शब्द असलेल्या भाषेत दुसरं नाव मिळणार नाही असं नाही. साधं ‘आसरा’ लिहा. मराठीत लिहा, त्याखाली कन्नड, तेलुगू, उर्दू आणि हिंदीतही लिहा, कारण या शहरात रात्री जागा शोधत येणारा माणूस या पाचांपैकी कुठलीही भाषा बोलत असेल.

खर्चाचा प्रश्न येईल, तो रास्त आहे. महापालिकेच्या किती शाळांची पटसंख्या घटली आहे, किती खोल्या बंद आहेत, हे आपल्या शिक्षण विभागाला विचारा. मी त्या खोल्यांत शिकवलं आहे. भिंती मजबूत आहेत, नळ आहे, संडास आहे, मैदान आहे. थोड्या दुरुस्तीत त्यातल्या काही कुटुंबांच्या निवाऱ्यासाठी वापरता येतील. पूर येतो तेव्हा शाळाच उघडाव्या लागतात, मग घाईघाईत किल्ली कुणाकडे आहे हे शोधत बसतात. ते आधीच ठरवून ठेवता येईल. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला लाखो माणसं येतात तेव्हा पाणी, दिवाबत्ती, आरोग्य, बंदोबस्त यांचं नियोजन तुम्ही दरवर्षी करता आणि चांगलं करता. त्याच कर्मचाऱ्यांना आणि त्याच अनुभवाला हे काम जड नाही.

येत्या अंदाजपत्रकात निवाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि सर्वसाधारण सभेत त्यावर उघड चर्चा व्हावी, ही विनंती. नियम ठरवताना तिथे राहिलेल्या माणसांनाही बोलवा. सेटलमेंटमधल्या जुन्या माणसांना बोलवा, दार कुठल्या बाजूने बंद होतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. रात्रपाळीला माणसं कमी पडत असतील तर आम्ही निवृत्त शिक्षकांपैकी काही जण आळीपाळीने यायला तयार आहोत. आमची नावं या पत्रासोबत आपल्या कार्यालयात वेगळी दिली आहेत. दारात कोण आलं, कोण परत गेलं आणि का गेलं, याची नोंद आम्ही ठेवू आणि दर महिन्याला आपल्याकडे देऊ.

आपली,
पूर्व भागातील एक निवृत्त शिक्षिका
सोलापूर